पंचशील घेतल्यानंतरचं काम: खान्देशातल्या नवख्या उपासकांसाठी

विहारात हात जोडून पंचशीलाच्या पाच ओळी, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा निश्चय, म्हणायला दोन मिनिटं पुरतात. खरी गंमत घरी आल्यावर सुरू होते. बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद असतं, खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर कापूस चढवायचा असतो आणि संध्याकाळी पानटपरीपाशी दोस्तमंडळी वाट बघत असतात. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या विहारांत नव्याने येणाऱ्यांत कॉलेजातली पोरं असतात, लग्न होऊन आलेल्या सुना असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले काका असतात. त्यांचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. फवारणी करू की नको? भावाला माफ करू म्हणजे जमीन सोडून देऊ का? हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे. ध्यान, निब्बाण, पुनर्जन्म यांवर इथे काही मिळणार नाही.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. धम्मातली क्षमा वैर सोडायला सांगते, हिशेब सोडायला नाही. या दोन्हींची गल्लत झाली की भोळा माणूस लुबाडला जातो, आणि लबाडाला ‘क्षमाशील व्हा’ असं दुसऱ्याला सुनावण्याची सोय होते.

शील कुठे आणि कसं घ्यायचं

जवळचं विहार गाठा. रविवारी सकाळी किंवा पौर्णिमेला बहुतेक ठिकाणी सामूहिक वंदना असते. पांढरे कपडे हा रिवाज आहे. नसतील तर धुतलेले कोणतेही चालतील. भिक्खू असतील तर त्यांना ‘भन्ते’ म्हणायचं. नसतील तिथे बौद्धाचार्य किंवा एखादे जुने उपासक वंदना घेतात. आधी ‘नमो तस्स’ ही बुद्धवंदना तीनदा, मग त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, मग पंचशील. पाली येत नाही म्हणून लाजू नका. शेजारी बसलेल्या अनेकांनाही येत नाही, त्यांचं पाठ असतं एवढंच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून हेच त्रिशरण आणि पंचशील घेतलं. मग समोर जमलेल्या लाखोंना ते दिलं आणि वर बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी, खोटं, व्यभिचार आणि दारू यांना नकार त्या प्रतिज्ञांतही आहे. आपल्याकडच्या बहुतेक बौद्ध घरांचा धागा त्या दिवसापर्यंत जातो. तरी पंचशील घ्यायला आडनाव विचारलं जात नाही की दाखला लागत नाही.

सुरुवात करायला वर्षावास सगळ्यात सोयीचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने अनेक विहारांत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. विहारात वाचतात तो मराठी अनुवाद. मागे बसून ऐकलं तरी चालतं. तीन महिन्यांत माणसं ओळखीची होतात, आणि अडलं तर कुणाला विचारायचं ते कळतं.

एक लक्षात ठेवा. ही पाच शीलं वरून आलेला हुकूम नाहीत. मोडली तर शिक्षा करणारा कुणी बसलेला नाही. आपण होऊन घेतलेला हा सराव आहे. मोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं. मात्र मोडलं हे मान्य करून घ्यायचं.

पहिलं शील शेतात नेताना

जीवहिंसेपासून दूर राहीन, असं म्हटलं की शेतकरी पहिला प्रश्न कपाशीवरच्या बोंडअळीचा विचारतो. पाली परंपरेत हत्येचं कर्म पुरं व्हायला पाच गोष्टी सांगितल्या आहेत: जीव असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा हेतू, मारण्याची कृती आणि त्याने झालेला मृत्यू. नांगराखाली गांडूळ सापडलं, तर हेतू नव्हता. फवारणीत मात्र पाचही गोष्टी असतात. तेव्हा ‘अळी कुठे जीव आहे’ अशी स्वतःची समजूत काढू नका. त्या मार्गाने गेलात तर उद्या आणखी कशाचीही समजूत काढता येईल.

मग काय करायचं? जेवढं टळेल तेवढं टाळायचं. दर आठ दिवसांनी, शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही पंप उचलायचा, ही सवय आधी तोडा. कामगंध सापळे लावून पतंग मोजा, निंबोळी अर्क वापरून पाहा, फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान जास्त होईल इतकी अळी आहे का ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा. इतकं करूनही फवारावं लागलं तर ते चांगलं काम केल्याचा आव नको, आणि रात्रभर जळतही बसू नका. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न पंप कुणाच्या पाठीवर आहे हा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मजुराला मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे न देता भर उन्हात उभा करणारा माणूस अळीच्या हिंसेवर चर्चा करत असेल, तर त्याने पहिलं शील उलट्या बाजूने धरलंय. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणंही यातच आलं. त्यात डुकरं मरतात तशी माणसंही मरतात.

दुसरं शील: माप, मजुरी, उचल

‘मी काही चोर नाही’ म्हणून या शीलावरून लोक भरभर पुढे जातात. जे दिलं नाही ते घ्यायचं नाही, एवढंच ते सांगतं, आणि एवढ्यात पुष्कळ मावतं. काट्यात मारणारा व्यापारी यात येतो. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारा शेतकरीही येतो. नांगरताना दरवर्षी बांध वीतभर पलीकडे सरकवणारा येतो. बहिणीची सही ‘फक्त कागदापुरती’ म्हणून घेऊन तिचा हिस्सा गिळणारा तर नक्कीच येतो.

आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) फिरतं. त्या दिवशी उचल आणि वर्षाचा हिशेब एकत्र बसतो. बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाची कर्तव्यं सांगितली, त्यात मालकाने कामकऱ्याशी कसं वागावं हेही आहे: शक्ती पाहून काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही खास झालं तर त्यातलं वाटून द्यावं आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. या पाच गोष्टी वहीत लिहा आणि आखाजीला सालदारासमोर बसताना ती वही उघडा. तुम्ही स्वतः सालदार असाल, तर त्याच उपदेशात कामकऱ्याची बाजूही आहे: दिलेलंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाची बदनामी करत फिरू नये. दोघांना एकदम लागू होतं म्हणून मला हा उपदेश आवडतो.

तिसऱ्या शीलाबद्दल फार लांबण लावत नाही. जोडीदाराशी प्रतारणा नको, कुणावर जबरदस्ती नको. लग्नाच्या आतही नको.

चौथं शील आणि मोबाइल

खोटं न बोलणं सोपं वाटतं. पण वाणीच्या दोषांत खोट्यासोबत चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबडही मोजली आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या चारही गोष्टी एका सकाळी होतात. एखाद्याची चूक दाखवायची असेल तर बोलण्याआधी पाच प्रश्न स्वतःला विचारायचे, असं सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या पाली उपदेशात, सांगितलं आहे: वेळ योग्य आहे का, खरं आहे का, सौम्यपणे बोलतोय का, त्याच्या भल्याचं आहे का, मनात मैत्री आहे का. फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी निदान दुसरा प्रश्न तरी विचारा.

पाचवं शील, आखाजीचे पत्ते आणि मोहाची दारू

हे शील नुसतं तोंडाने म्हटलं जातं आणि सगळ्यात आधी मोडतं. संपत्तीला भोकं पाडणाऱ्या सहा गोष्टी सिगालाला सांगितल्या आहेत: दारू, अवेळी भटकणं, तमाशे, जुगार, वाईट संगत, आळस. आखाजीला लेकीबाळी झोक्यावर गाणी म्हणत असतात, तेव्हा पुरुष पाराच्या मागे पत्ते कुटत असतात. ‘सणाचं चालतं भो’ हे उत्तर मी ऐकलेलं आहे. सणाला उचलीचे पैसे नेमके खिशात असतात, म्हणून त्या दिवशी जास्त सांभाळायचं. पत्त्यांच्या जागी काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवा. नुसतं ‘जाणार नाही’ ठरवलेला माणूस चार वाजता तिथेच सापडतो.

अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने शीलाच्या जोशात एका रात्रीत बाटली फोडू नये. एकदम सोडल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरकडे जा, मग विहारात या. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतं. आणि सातपुड्यात कुणाच्या घरी मोहाची दारू देवाला वाहत असतील, तर तिथे उभं राहून व्याख्यान देऊ नका. शील तुम्ही घेतलंय, त्यांनी नाही. हात जोडा, पाणी मागा.

रोजची तपासणी

आपल्या लहानग्या मुलाला, राहुलाला, बुद्धांनी विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, तो म्हणाला. तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावं, असं बुद्धांनी त्याला सांगितलं: यात मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख आहे का? आधी दिसलं तर करू नये. करताना दिसलं तर थांबावं. नंतर दिसलं तर जाणत्या माणसापुढे ते उघड करावं आणि पुढे सांभाळावं. ‘उघड करावं’ हा तिसरा भाग लोक गाळतात. विश्वासाचा एक माणूस आधीच ठरवून ठेवा. बायको चालेल, मित्र चालेल. मात्र ऐकून गावभर करणारा नको.

क्षमा मागताना

काही ठिकाणी वंदनेत ‘कायेन वाचा चित्तेन’ ही क्षमायाचना म्हणतात. ती म्हणावी. पण बुद्धमूर्तीपुढे ती म्हटल्याने शेजाऱ्याचे दाबलेले पैसे फिटत नाहीत.

राजा अजातशत्रूने बापाला मारून गादी घेतली होती. बुद्धांचा उपदेश ऐकल्यावर त्याने ते सरळ शब्दांत कबूल केलं. अपराध तर घडला, पण अपराध अपराध म्हणून ओळखून सुधारतो आहेस, म्हणून आम्ही तुझी कबुली स्वीकारतो, असं बुद्ध म्हणाले. राजा निघून गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितलं, की या माणसाने बापाला मारलं नसतं तर इथेच, याच आसनावर त्याचे धम्मचक्षू उघडले असते. म्हणजे कबुली स्वीकारली गेली, केलेलं मात्र पुसलं गेलं नाही. नवख्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आपल्यासाठी त्याचा क्रम असा धरा. काय केलं ते नाव घेऊन सांगा. ‘काही चुकलं असेल तर’ ही माफी नव्हे. ‘मन्ही चूक व्हयनी, तुन्हा बांध मी फोडा’ इतकं उघडं बोला. मग भरपाई काय आणि कधी ते सांगा. चार लोकांसमोर अपमान केला असेल तर माफीही त्याच चार लोकांसमोर, एकांतात नाही. आणि पुढे काय करणार नाही तेही सांगा. कारणं नंतर, विचारली तरच.

समोरच्याने लगेच मिठी मारावी अशी अपेक्षा ठेवू नका. माणसं मारणारा अंगुलिमाल भिक्खू झाला, बदलला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला की त्याच्यावर ढेकळं आणि दगड पडत. डोकं फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परत आला. ‘सहन कर, केलेल्या कर्माचं फळ तू भोगतो आहेस’ असं बुद्ध त्याला म्हणाले. दगड मारणाऱ्यांच्या घरी जाऊन त्याला माफ करा म्हणून सांगितल्याचं सुत्तात नाही.

क्षमा करताना

हा भाग सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सावकाश घेऊ.

आधी आपली शांतता कितपत खरी आहे ते बघा. श्रावस्तीत वेदेहिका नावाची बाई अतिशय सौम्य म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या काली नावाच्या दासीला शंका आली: बाई खरंच शांत, की मी कामं वेळेवर उरकते म्हणून शांत? ती एक दिवस उशिरा उठली. बाई चिडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. तिसऱ्या दिवशी बाईंनी दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. काली रक्ताळलेलं डोकं घेऊन शेजाऱ्यांना दाखवत गेली, ‘बघा आमच्या शांत बाईंचं काम!’ मनासारखं चाललंय तोवर आपण सगळेच वेदेहिका.

राग धरून बसलेल्या मनासाठी सुत्तात पाच उपाय आहेत. त्या माणसाबद्दल मैत्री वाढवा. ते जमत नसेल तर करुणा. तेही नाही तर उपेक्षा, म्हणजे ना जवळ ना द्वेष. तेही नाही तर त्याचा विचारच काही काळ बाजूला ठेवा. आणि शेवटचा, की त्याचं कर्म त्याचं आहे, त्याची फळं तोच भोगेल, हे ध्यानात आणा. नवखे पहिल्याच उपायावर उडी मारतात, आणि भावाने कोर्टात खेचलेलं असताना डोळे मिटून ‘भाऊ सुखी होवो’ म्हणायला बघतात. दात ओठ खाऊन म्हटलेली मैत्री टिकत नाही. माझा सल्ला: ताज्या जखमेवर चौथा किंवा पाचवा उपाय वापरा. पहिला पुढच्या वर्षी.

भाऊबंदकीसाठी मात्र दीघावूची गोष्ट. कोसलचा राजा दीघिती याचं राज्य काशीच्या ब्रह्मदत्ताने घेतलं आणि पुढे त्याला राणीसह ठार मारलं. मरताना बाप मुलाला म्हणाला, ‘लांब पाहू नकोस, आखूड पाहू नकोस; वैराने वैर शमत नाही.’ मुलगा दीघावू ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्या चाकरीत शिरला. एकदा रानात राजा त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा परत म्यानात घातली. राजा दचकून उठला, ओळख पटली आणि दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं. बापाच्या शब्दांचा अर्थ दीघावूने सांगितला तो असा: लांब पाहू नको म्हणजे वैर लांबवू नको, आखूड पाहू नको म्हणजे मित्राशी घाईने तोडू नको.

गोष्ट इथेच संपवणारे बरेच आहेत. पुढचं महत्त्वाचं: ब्रह्मदत्ताने त्याच्या बापाचं राज्य, सैन्य, कोठारं सगळं परत केलं. वैर मिटलं आणि घेतलेलं परतही आलं. बुद्धांनी ही गोष्ट कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितली होती. भांड्यात उरलेल्या पाण्यावरून त्यांचे दोन तट पडले होते, आणि त्यांनी ऐकलं नाही. बुद्ध एकटे रानात निघून गेले. शेवटी गावकऱ्यांनी भिक्षा बंद केली तेव्हा भिक्खू ताळ्यावर आले. पाण्याच्या पाळीवरून पाटावर कुदळी उगारणाऱ्यांना हे नवीन वाटू नये; सिद्धार्थाने घर सोडण्यामागे शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होता, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली आहे.

तेव्हा बांधाचा वाद असेल तर मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी चुलत्याला चहाही द्या. दोन्ही एकत्र चालतं. आणि अत्याचार झाला असेल, तर ‘क्षमा करा’ म्हणणारा कोण आहे हे आधी बघा. मारहाण झाली, जातीवरून शिवीगाळ झाली, बाईवर हात टाकला गेला आणि गावातले वजनदार लोक ‘जाऊ द्या, तुम्ही तर बुद्धाचे लोक’ म्हणत दारात आले, तर त्यांना नमस्कार करा आणि पोलीस ठाण्यात जा. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे, तो वापरायला मनात द्वेष असावा लागत नाही. थंड डोक्याने दिलेली साक्ष उलट जास्त टिकते. घरात मार खाणाऱ्या सुनेलाही हेच लागू.

अजिंठ्याला जाल तेव्हा

जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटर, सोमवारी बंद. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादी तपस्व्याचं जातक, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माची कथा, चितारलं आहे. राजाने हातपाय तोडले तरी तो रागावला नाही. चित्र पाहा, पण ते आपलं माप समजू नका. पहिल्या वर्षातल्या माणसाने तिथून सुरुवात करायची नसते. त्यापेक्षा सतराव्या लेण्यात महाकपीच्या कथा शोधा. त्यातल्या एकीत दरीत अडकलेल्या माणसाला वानर वर काढतो आणि थकून झोपतो. तोच माणूस त्याच्या डोक्यात दगड घालतो. पाली जातकात वानर त्याला रानाबाहेरची वाट दाखवतोच, पण बजावतो, की तुझ्यावर माझा आता विश्वास नाही, माझ्या मागून ये आणि नजरेत राहा. उधारी बुडवलेल्या मित्राला पुन्हा उधार द्यावं का, असं कुणी विचारलं की मी त्या भिंतीकडे बोट दाखवतो.

वर्षावास संपताना

आश्विन पौर्णिमेला भिक्खूंची पवारणा असते. प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझं काही चुकीचं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. गृहस्थाने ही पद्धत घरी आणायला कुणाची हरकत नाही. पहिल्या वर्षी दोनच माणसं निवडा: घरातलं एक, आणि तुमच्या हाताखाली काम करणारं एक. प्रश्न तोच विचारा. ते बोलत असताना उत्तर देऊ नका, ‘पण तू पण’ तर मुळीच नको. ऐकलेलं लिहून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचा. त्यात पैशाची बाब निघाली तर ती दिवाळीआधी चुकती करा. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे साधारण त्याच सुमारास हातात येतात.